धावपटू बेसवर, धावफलक कोरा : सॉफ्टबॉल व बेसबॉलमधील ‘वाया गेलेल्या संधीं’चे संख्याशास्त्रीय व मानसशास्त्रीय विवेचन

सारांश

बेसवर धावपटू असूनही धावा न होणे हा सॉफ्टबॉल व बेसबॉल या खेळांतील नित्याचा अनुभव आहे. अशा अपयशाचे खापर बहुधा एखाद्या खेळाडूच्या मनोदौर्बल्यावर फोडले जाते. प्रस्तुत लेखात या अपयशातील योगायोगाचा, डावपेचांचा व मानसिक दडपणाचा वाटा वेगवेगळा करून पाहिला आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयीन संघांच्या निवडप्रक्रियेत या विवेचनाचा कोणता उपयोग होऊ शकतो, याचीही चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : सॉफ्टबॉल, बेसबॉल, शिल्लक धावपटू, संभाव्यता, मध्याकडे परतणे, दडपण, खेळाडू निवड.

१. प्रस्तावना

खान्देशात क्रिकेट, कबड्डी व खो-खो यांच्या बरोबरीने सॉफ्टबॉल हा खेळ शाळा-महाविद्यालयांत रुजलेला आहे. विशेषतः जळगाव जिल्ह्यात मुलींचा या खेळातील सहभाग नजरेत भरतो. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या व २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो व तो आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातो. या निवडीला क्रीडाबाह्य महत्त्वही आहे. विहित पातळीवर प्रावीण्य मिळवलेल्या खेळाडूंसाठी महाराष्ट्र शासनाच्या सेवेत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यामुळे ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने संघात नाव असणे वा नसणे हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

अशा निवडीच्या वेळी एक शेरा वारंवार ऐकू येतो : ‘एरवी चांगली खेळते, पण बेसवर धावपटू असले की कोसळते.’ हा शेरा खरा आहे की नाही हे कसे ओळखावे, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे. हा प्रश्न एकट्या क्रीडाविभागाचा नाही. तो संख्याशास्त्राचा व मानसशास्त्राचा आहे आणि मूल्यमापन करणाऱ्या प्रत्येक अध्यापकाचाही आहे.

२. संकल्पना

ज्या वाचकांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात असे सांगता येईल. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर होमप्लेट व तीन बेस असतात. फलंदाजाने चेंडू टोलवून पहिला, दुसरा व तिसरा बेस घेत पुन्हा होमप्लेट गाठली की एक धाव होते. तीन फलंदाज बाद झाले की संघाची पाळी संपते. बेसबॉलमध्ये ९ व सॉफ्टबॉलमध्ये ७ डाव असतात. दोन बेसमधील अंतर बेसबॉलमध्ये ९० फूट, तर सॉफ्टबॉलमध्ये ६० फूट असते.

क्रिकेटहून येथे एक मूलभूत भेद आहे. क्रिकेटमध्ये काढलेली धाव तत्काळ खात्यात जमा होते. येथे मात्र पहिल्या बेसवर पोहोचणे म्हणजे केवळ पेरणी होय, धान्य घरात येणे नव्हे. तिसरा गडी बाद होताच बेसवर उभे असलेले सर्व धावपटू निष्फळ ठरतात. त्यांना ‘शिल्लक धावपटू’ म्हणतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवरील धावपटू एका चांगल्या फटक्यावर घरी येऊ शकतो, म्हणून त्या स्थितीस ‘धावेची संधी’ असे म्हटले जाते. हातातोंडाशी आलेला घास जाण्याची जी भावना या खेळात निर्माण होते, ती याच रचनेतून येते.

३. शिल्लक धावपटू : अपयशाचे की यशाचे लक्षण?

धावफलकाचा एक साधा ताळा आहे. फलंदाजीस आलेल्यांची एकूण संख्या ही धावा, बाद झालेले व शिल्लक राहिलेले यांच्या बेरजेइतकी असते. ७ डावांच्या पूर्ण सामन्यात २१ गडी बाद होतात. समजा, एखाद्या संघाचे ३३ फलंदाज खेळावयास आले, तर उरलेले १२ जण एक तर धाव करून परतले किंवा बेसवर शिल्लक राहिले. ज्या संघाचे २२ फलंदाजच आले, त्या संघाला शिल्लक ठेवण्यासाठीही फार तर एकच जण असतो.

याचा अर्थ असा की शिल्लक धावपटूंची मोठी संख्या ही आधी बेसवर पोहोचण्यात मिळालेल्या यशाची खूणही असते. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाने २१ सप्टेंबर १९५६ रोजी बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध ९ डावांत २० धावपटू शिल्लक ठेवले व सामना गमावला. त्याच संघाने तीन आठवड्यांच्या आत त्या वर्षीची अजिंक्यपद मालिका जिंकली. केवळ ‘इतके शिल्लक राहिले’ या आकड्यावरून संघाची योग्यता ठरवणे किती भ्रामक आहे, हे यावरून लक्षात येते.

फटक्यांचा क्रमही निर्णायक असतो. प्रत्येक एकेरी फटक्याने प्रत्येक धावपटू नेमका एकच बेस पुढे जातो असे गृहीत धरू. एका संघाने ७ डावांत प्रत्येकी एक याप्रमाणे ७ एकेरी फटके मारले, तर धावा शून्य व शिल्लक ७. दुसऱ्या संघाने तेच ७ फटके एकाच डावात मारले, तर धावा ४ व शिल्लक ३. दोन्ही संघांचे फलंदाजीतील कौशल्य कागदावर समान आहे. फरक आहे तो फटके एकत्र येण्याचा. पावसाळ्याची सरासरी तीच असली तरी पाऊस विखरून पडला की एकाच आठवड्यात कोसळला, यावर कोरडवाहू कापसाचे भवितव्य ठरते, हे खान्देशातील वाचकास वेगळे सांगावयास नको. फरक इतकाच की कापसाला विखुरलेला पाऊस मानवतो, तर येथे फटके दाटून यावे लागतात.

४. योगायोगाचा वाटा

प्रश्नाचा गाभा येथे आहे. समजा, एखादी फलंदाज मुळात दर १० संधींत ३ वेळा यशस्वी होते व दडपणाचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही. एका हंगामात धावेची संधी असताना ती २० वेळा खेळली, तर तिच्याकडून सरासरीने ६ फटके अपेक्षित आहेत. द्विपद वितरणानुसार ३ किंवा त्याहून कमी फटके मिळण्याची संभाव्यता सुमारे १०.७ टक्के येते. आता अशा समान क्षमतेच्या ९ खेळाडूंचा संघ घेऊ. त्यांपैकी किमान एकीच्या वाट्याला असा ‘वाईट’ हंगाम येण्याची संभाव्यता सुमारे ६४ टक्के आहे. म्हणजे कोणीही दडपणाखाली कोसळणारी नसताना बहुतेक संघांत एकीवर तो शिक्का बसणारच.

संघाच्या पातळीवरही असेच घडते. ३० टक्के यशाचा संघ एका सामन्यात धावेच्या १२ संधींपैकी एक किंवा शून्य संधी साधेल, याची संभाव्यता सुमारे ८.५ टक्के आहे. दर १२ सामन्यांत साधारण एकदा असा दिवस उगवतो. बाद पद्धतीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तो दिवस नेमका उपांत्य फेरीत उगवला, तर वर्षभराच्या सरावावर पाणी पडते आणि मग कारणमीमांसेत स्वभावदोष शोधले जातात.

०.३०० व ०.२५० या दोन क्षमतांमधील भेद काहीशा विश्वासाने ओळखायचा असेल, तर प्रमाणित त्रुटी या भेदाच्या निम्म्यावर आणावी लागते. त्यासाठी सुमारे ३३६ संधींची नोंद हवी. सामन्यामागे अशा दोन संधी धरल्या तरी १६८ सामने होतात. पदवीच्या तीन वर्षांत कोणत्याही महाविद्यालयीन खेळाडूस इतके सामने मिळणे शक्य नाही.

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आपण सहज वापरतो. ती भाताच्या बाबतीत खरी ठरते, कारण पातेल्यातील सर्व शिते एकाच पाण्यात व एकाच आचेवर शिजलेली असतात. खेळातील प्रत्येक संधी मात्र वेगळ्या पिचरसमोर, वेगळ्या मैदानावर व वेगळ्या परिस्थितीत आलेली असते. तेथे चार शिते चाचपून भाताविषयी निर्णय देणे म्हणीलाही अभिप्रेत नाही.

५. मध्याकडे परतणे : एका संघाचा दाखला

फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये मांडलेली ‘मध्याकडे परतण्या’ची संकल्पना येथे उपयुक्त ठरते. टोकाच्या कामगिरीत क्षमतेबरोबर योगायोगही मिसळलेला असतो. पुढील वेळी क्षमता राहते, योगायोग राहतोच असे नाही.

मेजर लीगमधील सेंट लुईस कार्डिनल्स या संघाने २०१३ च्या हंगामात धावेची संधी असताना ०.३३० इतकी फलंदाजीची सरासरी राखली. त्यांची एकूण सरासरी ०.२६९ होती. दडपणाखाली खुलणारा संघ अशी त्याची ख्याती झाली. २०१४ मध्ये संधीच्या वेळची सरासरी ०.२५४ वर आली व हंगामातील धावा ७८३ वरून ६१९ पर्यंत घटल्या. एका वर्षात संपूर्ण संघाचे धैर्य खचले असे मानणे सयुक्तिक नाही. संघात काही बदल झाले होते, एकूण फलंदाजीही काहीशी उतरली होती. परंतु २०१३ मधील ती विलक्षण वाढ मुख्यतः टिकाऊ गुण नव्हती, असाच निष्कर्ष निघतो. विशेष म्हणजे २०१४ मध्येही हा संघ ९० सामने जिंकून आपल्या गटात अव्वल राहिला.

या विषयावरील संशोधनाचा प्रवासही बोधप्रद आहे. रिचर्ड क्रेमर यांनी १९७७ मध्ये १९६९ व १९७० या दोन हंगामांतील फलंदाजांची तुलना केली. एका हंगामात मोक्याच्या वेळी चमकलेले फलंदाज पुढील हंगामात तसेच चमकतात असे त्यांना आढळले नाही. २००४ मध्ये बिल जेम्स यांनी त्यावर महत्त्वाचा आक्षेप घेतला. धुक्यात पहारेकऱ्यास कोणी दिसले नाही म्हणजे तेथे कोणी नव्हतेच असे सिद्ध होत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. पुढे २००६ मध्ये टॉम टँगो, मिचेल लिक्टमन व अँड्र्यू डॉल्फिन यांनी अधिक विस्तृत माहितीच्या आधारे असे दाखवले की हा गुण अस्तित्वात आहे, पण अत्यंत अल्प प्रमाणात. म्हणजेच गुण नाही असे नव्हे, तर थोड्या नोंदींवरून तो ओळखता येत नाही.

६. क्रिकेटमधील समांतर उदाहरण

मराठी वाचकास निकटचे उदाहरण सचिन तेंडुलकर यांचे आहे. जानेवारी १९९९ मधील चेन्नई कसोटीत पाकिस्तानविरुद्ध २७१ धावांचे लक्ष्य असताना १३६ धावा करून ते बाद झाले, तेव्हा संघाच्या २५४ धावा होत्या. उरलेले तीन गडी ४ धावांत गेले व भारत १२ धावांनी हरला. ‘निर्णायक क्षणी बाद होतात’ या समजास या सामन्याने बळ दिले. कसोटीच्या चौथ्या डावातील त्यांची सरासरी ३६.९३ व एकूण सरासरी ५३.७८ हे आकडे त्यासाठी पुढे केले जातात.

परंतु चौथ्या डावात खेळपट्टी झिजलेली असते व बहुतेक सर्वच फलंदाजांची सरासरी घसरते. त्यामुळे तुलना करावयाची तर ती इतर फलंदाजांच्या चौथ्या डावातील सरासरीशी करावयास हवी. डिसेंबर २००८ मध्ये त्याच चेन्नईत इंग्लंडविरुद्ध ३८७ धावांचा पाठलाग यशस्वी झाला, तेव्हा तेंडुलकर १०३ धावांवर नाबाद होते. एका सामन्यावरून एक स्वभाव ठरवला, तर दुसऱ्या सामन्यावरून नेमका उलट स्वभाव ठरवावा लागेल. अॅमॉस ट्वर्स्की व डॅनियल काहनेमन यांनी १९७३ मध्ये दाखवल्याप्रमाणे मनुष्य सहज आठवणाऱ्या घटना वारंवार घडणाऱ्या समजतो. पराभवाचे क्षण अधिक आठवतात, म्हणून ते अधिक वेळा घडले असे वाटते.

७. योगायोगापलीकडील कारणे

सर्व काही योगायोगावर सोडून देणे हेही अशास्त्रीय ठरेल. संघाच्या अपयशात सुधारता येण्याजोगी कारणेही असतात.

(अ) परिस्थितीचे मोल : तीन बेसवरील धावपटूंच्या ८ शक्यता व बाद गड्यांच्या ३ शक्यता मिळून डावाच्या २४ स्थिती होतात. प्रत्येक स्थितीतून डावाअखेर सरासरीने किती धावा होतात हे काढता येते. जॉर्ज लिंडसे यांनी १९६३ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. मेजर लीगच्या २०१० ते २०१५ या काळातील आकड्यांनुसार एक गडी बाद व धावपटू तिसऱ्या बेसवर असताना सुमारे ०.९५ धाव अपेक्षित असते. त्यानंतर फलंदाज चेंडूस न लागता बाद झाला, तर ती ०.३५ वर येते. नुकसान ०.६० धावेचे. डावाच्या प्रारंभी रिकाम्या बेसवर पहिला गडी बाद झाल्यास नुकसान सुमारे ०.२३ धावेचेच असते. म्हणून धावपटू तिसऱ्या बेसवर असताना केवळ चेंडूस बॅट लावणे याला वेगळे मोल आहे व त्याचा स्वतंत्र सराव आवश्यक आहे.

(आ) बंटचा अतिवापर : पहिल्या बेसवर धावपटू व कोणीही बाद नसताना अपेक्षित धावा सुमारे ०.८६ असतात. फलंदाजाचा बळी देऊन धावपटूस दुसऱ्या बेसवर नेले की त्या ०.६६ होतात. म्हणजे ‘धावपटू पुढे सरकला’ या समाधानात धावा कमी झालेल्या असतात. मात्र किमान एक धाव होण्याची संभाव्यता ०.४२ वरून ०.४० इतकीच उतरते. शेवटच्या डावात एकच धाव हवी असेल तर बंट समर्थनीय ठरतो, पहिल्या डावात सवय म्हणून नव्हे. हे आकडे व्यावसायिक बेसबॉलचे आहेत. ६० फुटांच्या बेसवर, चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत बेस सोडण्यास मनाई असलेल्या सॉफ्टबॉलमध्ये ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत. विचार करण्याची पद्धत मात्र तीच राहते.

(इ) बेसवरील धावणे : झेल गेल्यावर बेसला स्पर्श करून पळणे, तिसऱ्या बेसजवळील प्रशिक्षकाचा इशारा पाळणे, चेंडू जमिनीवरून गेला की हवेतून हे ओळखणे, या बाबींतील चुका फलंदाजाच्या नावावर अन्यायाने जमा होतात.

(ई) फलंदाजीचा क्रम : बेसवर सातत्याने पोहोचणाऱ्या खेळाडूंनंतर दूरवर फटका मारणाऱ्या खेळाडू नसतील, तर शिल्लक धावपटूंची संख्या वाढणे अटळ आहे. हा दोष योजनेचा असतो, तो खेळाडूच्या माथी मारता येत नाही.

(उ) नोंदीचे नियम : उंच फटक्यावर झेलबाद होऊनही तिसऱ्या बेसवरील धावपटू घरी आला, तर तो डाव फलंदाजीच्या सरासरीत धरला जात नाही. चांगले काम केलेल्या फलंदाजाच्या सरासरीत त्याची नोंदच दिसत नाही.

८. दडपणाचे मानसशास्त्र

दडपण ही कल्पित गोष्ट नाही. रॉबर्ट यर्क्स व जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये केलेल्या प्रयोगांपासून उत्तेजना व कामगिरी यांच्या संबंधाचा अभ्यास होत आला आहे. रॉय बॉमिस्टर यांनी १९८४ मध्ये दाखवले की सरावाने अंगवळणी पडलेल्या क्रियेकडे मनुष्य दडपणाखाली जाणीवपूर्वक लक्ष देऊ लागतो व त्यामुळे ती क्रिया बिघडते. जिना उतरताना प्रत्येक पाऊल मोजू लागलेल्या माणसाचा पाय चुकतो, तसेच हे आहे.

येथे एक गंभीर बाब लक्षात घ्यावी लागते. ‘तू मोक्याच्या वेळी कोसळतेस’ असे वारंवार ऐकणारी खेळाडू पुढच्या संधीला नेमके स्वतःकडेच लक्ष देत उभी राहणार. योगायोगाने आलेल्या अपयशावर बसवलेला शिक्का अशा रीतीने खऱ्या अपयशाचे कारण बनू शकतो. निदान चुकले तर औषधच रोग निर्माण करते.

९. शिफारसी

१) प्रत्येक सामन्यात प्रत्येक फलंदाजीच्या वेळी बेसची स्थिती, बाद गडी, फटक्याचा प्रकार व धावपटूंची हालचाल यांची नोंदवही ठेवावी. त्यासाठी एक वही व एक प्रशिक्षित विद्यार्थी पुरेसा आहे.

२) जळगाव, धुळे व नंदुरबार येथील महाविद्यालयांच्या नोंदी एकत्र केल्यास सॉफ्टबॉलसाठी २४ स्थितींचा स्थानिक तक्ता तयार करता येईल. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी हा उत्तम प्रकल्प ठरेल.

३) निवड करताना संधीच्या वेळच्या सरासरीऐवजी खेळाडूच्या एकूण कामगिरीस प्राधान्य द्यावे, कारण तिच्यामागे नोंदींची संख्या अधिक असते.

४) ‘धावपटू तिसऱ्या बेसवर, एक गडी बाद’ यांसारख्या स्थिती सरावात नियमितपणे उभ्या कराव्यात. परिचयाने दडपण कमी होते.

५) पराभवानंतरच्या चर्चेत स्वभावदर्शक विशेषणे टाळून निर्णयांची चर्चा करावी. बंट योग्य होता काय, धावपटूस थांबवावयास हवे होते काय, असे प्रश्न विचारावेत.

१०. समारोप

बेसवर धावपटू असताना धावा न होणे यात योगायोगाचा वाटा मोठा, डावपेचांचा वाटा मध्यम व सुधारण्याजोगा, तर वैयक्तिक मनोदौर्बल्याचा वाटा अल्प व मोजण्यास कठीण असतो. प्रत्यक्ष व्यवहारात आपण या क्रमाच्या नेमके उलट चालतो. एका तोंडी परीक्षेवरून विद्यार्थ्याची बुद्धी ठरवू नये हे आपण अध्यापक म्हणून मान्य करतो. तोच न्याय मैदानावरील विद्यार्थिनीस लावावयास हवा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल व सॉफ्टबॉल पुन्हा समाविष्ट होत आहेत. खान्देशातील खेळाडू तेथवर पोहोचतील की नाही, हे अनेक गोष्टींवर अवलंबून आहे. परंतु वीस संधींच्या तुटपुंज्या हिशेबावर एखाद्या खेळाडूची वाट येथेच बंद होऊ नये, एवढे आपल्या हाती निश्चितच आहे.